मारकुटं मूल आणि त्याचे सवंगडी : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात पालक दाराशी थांबतात ते बहुतेक एकाच कारणाने. कुणाचं मूल मारून आलेलं असतं, कुणाचं मार खाऊन. गोव्यात डिचोली, साखळी, वाळपई या बाजूला लहान मुलांच्या वर्गात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अडीच ते आठ या वयापुरतंच हे लिहिलं आहे. हायस्कुलातल्या दादागिरीचा मामला वेगळा, तो इथे नाही.

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. चावतो, ढकलतो, केस ओढतो. पुढे असाच राहणार का?

बहुधा नाही. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांच्या मोठमोठ्या गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांना असं दिसलं की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त हात उगारतो तो दोन-तीन वर्षांचा असताना. त्यानंतर बहुतेक मुलांचं मारणं आपोआप नव्हे, पण हळूहळू उतरत जातं. थोड्या मुलांचं उतरत नाही आणि काळजी करायची ती त्यांची. मारायला कुणी शिकवावं लागत नाही, न मारायला शिकवावं लागतं, असा या कामाचा मथितार्थ.

या वयात मूल मारतं ते बहुधा माणसाला नव्हे, मधे आलेल्या अडथळ्याला. त्याला ती लाल गाडी हवी असते आणि गाडीला दुसऱ्या मुलाचा हात चिकटलेला असतो, एवढंच. अडीच वर्षांची दोन मुलं शेजारी बसली तरी ‘एकत्र’ खेळत नसतात. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली बालवाडीतल्या खेळाचे टप्पे मांडले, त्यात शेजारी बसून आपापलं खेळणं हा एक वेगळा टप्पाच आहे. खरं मिळून खेळणं त्यानंतरचं. म्हणून या वयातल्या चावण्यावरून ‘याचं कुणाशी पटत नाही’ असा निकाल देऊ नका. चावलं की लगेच बाजूला घ्या, चेहरा गंभीर ठेवून ‘चावायचं नाही, त्याला दुखतं’ एवढं एकच वाक्य बोला, आणि मग ज्याला चावलं त्या मुलाकडे वळा. मोठं भाषण अडीच वर्षांच्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही.

मारामारीने मैत्री तुटते का? आमच्याकडे दोघं सकाळी भांडतात आणि दुपारी एका डब्यात जेवतात.

मग त्यांना तसंच जेवू द्या. १९८८ साली विलार्ड हार्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सरीतल्या मुलांची भांडणं बसून पाहिली. मित्रांमधलं भांडण कमी तीव्र होतं, दोघांनाही थोडंथोडं मिळेल असं मिटतं आणि मुख्य म्हणजे भांडण संपल्यावर दोघं एकमेकांच्या जवळच राहतात, असं त्यांना दिसलं. ज्यांची मैत्री नसते ती मुलं भांडून पांगतात. म्हणजे भांडण झालं की नाही, यापेक्षा भांडणानंतर कोण कुठे बसलं, हे बघा. घरी आल्यावर ‘आज कुणी मारलं?’ असं विचारणारे पालक खूप. ‘मग पुन्हा खेळलात का?’ असं विचारणारा एखादाच.

मैत्री तुटते ती एका ढकलण्याने नाही. तेच मूल रोज, अनेकांना, कारण नसताना मारायला लागलं की बाकीची मुलं आधी त्याच्यापासून सावध होतात आणि मग त्याला टाळायला लागतात. एकदा टाळायला लागली की त्या मुलाने नंतर कितीही नीट वागून दाखवलं तरी ते कुणाला दिसत नाही. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

आता तो महिनाभर कुणाला मारत नाही, तरी मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. असं का?

कारण त्याचं नाव पडलेलं असतं.

वर्गात हे कसं घडतं ते सांगते. ठोकळ्यांचा मनोरा उभा आहे, भोवती चार मुलं. एकाचा कोपर लागतो, मनोरा कोसळतो. कोपर शांत मुलीचा असेल तर बाकीची ‘ओऽऽ’ करून हसतात आणि पुन्हा रचायला लागतात. तोच कोपर ‘त्या’ मुलाचा असेल तर एकसुरात तक्रार येते, ‘टीचर, ह्याने पाडलं!’ कधीकधी तर तो दोन हात लांब बसलेला असतो आणि तरीही बोट त्याच्याकडेच जातं. शेली हायमेल यांनी १९८६ साली नेमकं हेच तपासलं. नावडत्या मुलाची चूक मुलं ‘मुद्दाम’ समजतात, आवडत्याची तीच चूक ‘चुकून’. मोठी माणसं याहून वेगळं वागतात असं नाही, पण तो विषय वेगळा.

हे नाव पडायला वेळही लागत नाही. १९८३ साली जॉन कॉई आणि जॅनिस कुपरस्मिट यांनी एकमेकांना न ओळखणारी चौथीची मुलं छोट्या गटांत खेळायला बसवली. शाळेत जो नावडता होता, तो नव्या अनोळखी गटातही काही भेटींतच नावडता झाला. म्हणून निव्वळ बालवाडी बदलून हा प्रश्न सुटत नाही. मूल आपलं वागणं सोबत घेऊन जातं आणि नवी मुलं पुन्हा तेच नाव ठेवतात.

घरचे आणि शिक्षक इथे मोठी चूक करतात. मुलांच्या देखत ‘हा आमचा गुंड’, ‘ह्याच्या हाताला जरा जपून’ असं हसत हसत बोलतात. बाकीची मुलं हे ऐकतात आणि तेच नाव वाड्यावर नेतात. वर्गात त्या मुलाचं चांगलं वागणं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला हवं: ‘आज ह्याने पाणी सांडलं ते स्वतः पुसलं.’ कौतुकाचा सूर नको, बातमी सांगावी तसं.

तो दरवेळी म्हणतो, ‘त्याने मुद्दाम केलं.’ खोटं बोलतो का?

त्याला तसंच दिसत असतं. केनेथ डॉज यांनी १९८० साली मुलांना अशा गोष्टी सांगितल्या ज्यांत दुसऱ्या मुलाने नुकसान केलं, पण मुद्दाम की चुकून हे स्पष्ट नव्हतं. मारकुटी म्हणून ओळखली जाणारी मुलं अशा वेळी दुसऱ्याचा हेतू वाईटच धरतात, असं त्यांना आढळलं. ज्याच्याशी घरीदारी कुणी ना कुणी वाईट वागत आलं आहे, त्याने असं समजणं अगदीच निराधार नसतं.

यावर भांडून उपयोग नाही. ‘मुद्दाम नव्हतं रे!’ हे शंभरदा सांगितलं तरी पटत नाही. त्याऐवजी शांत वेळी, झोपताना किंवा बसची वाट बघताना, एखादी छोटी गोष्ट सांगा: एका मुलाच्या अंगावर पाणी उडालं. का उडालं असेल? मुलाला तीन कारणं शोधायला सांगा. पहिलं कारण बहुधा ‘त्याने मुद्दाम उडवलं’ हेच येईल. येऊ द्या. दुसरं आणि तिसरं काय, ते विचारा. सवय लागायला आठवडे जातात. पण चार-पाच वर्षांचं मूल ‘त्याचा पाय घसरला असेल’ इथपर्यंत पोहोचतं, आणि वर्गात हात उगारण्याआधीच्या क्षणात ते कामाला येतं.

सगळं मारणं सारखंच असतं का?

नाही. एक मूल दुखावलं, घाबरलं, चिडलं की मारतं. मारून झाल्यावर स्वतःच रडतं. दुसरं थंड डोक्याने मारतं, कारण मारल्यावर झोपाळा मिळतो. पहिल्याला शांत व्हायला शिकवावं लागतं. दुसऱ्याच्या बाबतीत मारून झोपाळा मिळता कामा नये, एवढं कटाक्षाने पाहावं लागतं. पहिल्या मुलाला सवंगडी लवकर वैतागतात, कारण ते कधी भडकेल याचा नेम नसतो.

काही दांडगट मुलांना मित्रांचा तोटा नसतो. मग ‘मारलं की मित्र जातात’ हे कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाबांना वाटत होतं की त्यांनी मला पकडलं. पकडलंच होतं म्हणा. पॅट्रिशिया हॉली यांनी लहान मुलांमध्ये असा एक गट दाखवला, जो गोड बोलून आणि दटावून, दोन्ही वाटांनी हवं ते मिळवतो. अशी मुलं वर्गात लोकप्रियही असतात. त्यांना कुणाला कधी हसवायचं आणि कुणाला कधी चिमटा काढायचा हे कळतं.

शिवाय मारकुट्या मुलांनाही मित्र असतात, फक्त ते बरेचदा त्यांच्यासारखेच असतात. वर्गाने बाजूला टाकलेली दोन मुलं एकमेकांना सापडतात आणि दोघं मिळून तिसऱ्याला छळतात. वरून बघणाऱ्याला ती घट्ट मैत्री दिसते. ती खरीही असते; मात्र त्या मैत्रीत दोघांनाही आवर घालणारं कुणी नसतं. अशा जोडीला तोडू नका, त्यात एखादं शांत, खेळकर मूल मिसळेल असं काम द्या.

माझी मुलगी कुणाला हात लावत नाही. पण बाई म्हणतात, तीही त्रास देते. ते कसं?

‘तुझ्याशी कट्टी.’ ‘तिला घेऊ नका, ती घाण आहे.’ ‘माझ्या वाढदिवसाला तुला बोलावणार नाही.’ हात न उचलता मैत्रीवरच घाव घालण्याचा हा प्रकार निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ साली मोठ्या मुलांमध्ये मोजला, आणि १९९७ साली क्रिक यांच्या गटाने तो बालवाडीच्या वयातही असतो हे दाखवलं. मुलींमध्ये तो जास्त चटकन नजरेत येतो, पण मुलगेही यात मागे नाहीत. आमच्याकडे दिवाळीच्या आधी वाड्यावरचे मोठे मुलगे नरकासुराचा पुतळा बांधायला बसतात, तेव्हा ‘तुला कागद चिकटवायला देणार नाही’ ही धमकी सहा वर्षांच्या मुलाला चापटीपेक्षा जास्त लागते.

यावर बहुतेक पालक हसून मान फिरवतात, कारण रक्त येत नाही. मला हे मारण्याइतकंच गंभीर वाटतं. मारणाऱ्याला टीचर पकडतात. कट्टी करायला लावणारी मुलगी शाबासकी घेऊन घरी जाते. कट्टी-बट्टी मुलांची मुलांनी करावी, त्यात पडू नका. मात्र एक मूल बाकी सगळ्यांना ‘हिच्याशी बोलायचं नाही’ असं फर्मान काढत असेल तर तिथे थांबवा, आणि ‘तू कुणाशी खेळायचं ते तू ठरव, बाकीच्यांचं तू ठरवायचं नाही’ इतकं स्पष्ट सांगा. चार वर्षांच्या मुलाला हे कळतं.

माझ्या मुलाला एक मुलगा रोज मारतो. ‘तूही दोन ठेवून दे’ असं शिकवू का?

आजोबा हमखास हाच सल्ला देतात. अमेरिकेत जेराल्ड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली नर्सरी शाळांमध्ये बसून मुलांचं मारणं आणि त्याचा परिणाम टिपला. त्यात दोन गोष्टी पुढे आल्या. एक, मारणाऱ्याला बहुतेक वेळा फळ मिळतं: समोरचं मूल रडतं, खेळणं सोडतं, बाजूला होतं. दोन, मार खाणारं मूल उलटून मारतं आणि ते जमतं, तेव्हा ते स्वतःही पुढे दुसऱ्यांना मारायला लागतं. म्हणजे आजोबांचा सल्ला कधीकधी लागू पडतो, हीच त्याची अडचण.

मग शिकवायचं काय? रडून खेळणं सोडायचं नाही, हे. हाताचा पंजा पुढे करून मोठ्याने ‘नको! मला आवडत नाही!’ म्हणायचं, खेळणं धरून ठेवायचं, आणि टीचरजवळ जाऊन पुन्हा त्याच जागी परत यायचं. परत येणं महत्त्वाचं, कारण जागा सोडली की मारणाऱ्याला ती मिळाली. घरी आरशासमोर सराव करून घ्या. लाजऱ्या मुलाचा ‘नको’ पहिल्यांदा इतका बारीक निघतो की त्याला स्वतःलाही ऐकू येत नाही. आणि टीचरला सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हेही त्याला सांगा. रोज मार खाणाऱ्या मुलाने गप्प बसावं अशी अपेक्षा करायची नाही.

मुलं खेळत असतात आणि माझा मुलगा मधेच घुसून सगळं मोडतो. त्याला खेळायचंच नसतं का?

खेळायचंच असतं. शिरायचं कसं ते माहीत नसतं.

या प्रश्नावर मी जास्त लिहिणार आहे, कारण अर्धी मारामारी इथून सुरू होते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. १९८१ साली मार्था पुटॅलाझ आणि जॉन गॉटमन यांनी मुलं चालू खेळात कशी शिरतात ते पाहिलं. ज्यांना मुलं सहज घेतात ती आधी थोडा वेळ बाजूला उभी राहतात, खेळ काय चाललाय ते बघतात, आणि मग त्याच खेळात बसेल असं काहीतरी करतात. ज्यांना झिडकारलं जातं ती प्रश्न विचारतात, स्वतःबद्दल बोलतात, ‘हे असं नसतं’ म्हणून दुरुस्ती करतात किंवा सरळ मोडतोड करतात.

आमच्या अंगणात चिऱ्याची लाल माती आहे आणि खाणीच्या पट्ट्यातली मुलं असल्यामुळे खेळ ठरलेला: टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक. तीन मुलं प्लास्टिकच्या ट्रकमध्ये माती भरतात, चौथा पायरीवर ‘बार्ज’ म्हणजे खनिज नेणारी मोठी होडी लावतो, ट्रक रिकामा होतो, पुन्हा भरतो. एक मुलगा लांबून धावत येतो आणि मातीच्या ढिगावर उडी मारतो. तीन ट्रक उलटतात, आरडाओरडा, मग धक्काबुक्की. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘मी पण खेळत होतो.’ खरंच त्याच्या मते तो खेळत होता.

त्याला मी नुसतं धरून थांबवत नाही. हात धरून कडेला बसवते आणि दोघं मिळून बघतो. ‘हे काय करतायत?’ ‘माती भरतायत.’ ‘आता काय कमी आहे?’ विचार करून तो म्हणतो, ‘वजनकाटा.’ मग पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन तो रस्त्यात काटा मांडतो, आणि पहिला ट्रक आपणहून त्याच्यावर येऊन थांबतो. सांगायला सोपं आहे. दहापैकी काही वेळा त्याला तरीही हाकलतात. तेव्हा ‘मग थोड्या वेळाने पुन्हा बघू’ म्हणून त्याच्याबरोबर बसून राहणं, हे मोठ्या माणसाचं काम.

शेरी ओडन आणि स्टीव्हन ॲशर यांनी १९७७ साली तिसरी-चौथीतल्या एकट्या पडलेल्या मुलांना असंच शिकवलं: खेळात भाग कसा घ्यायचा, वाटून कसं घ्यायचं, बोलायचं कसं, दुसऱ्याला उत्तेजन कसं द्यायचं. वर्षभराने पाहिलं तरी वर्गात त्यांना पसंती वाढलेली होती. मी त्यात एकच भर घालते: लहान मुलाला हे बोलून शिकवू नका, शेजारी बसून करून दाखवा.

शिक्षा म्हणून त्याला बाकीच्या मुलांपासून वेगळं ठेवावं का?

दोन-तीन मिनिटं शांत व्हायला बाजूला बसवणं ठीक. आठवडाभर खेळायला न पाठवणं, वर्गात कायम कोपऱ्यातली जागा देणं याने उलटंच होतं. जे सवंगड्यांत राहूनच शिकायचं, तेच आपण बंद करतो. त्याला गर्दी झेपत नसेल तर एकच मूल घरी बोलवा, अर्धा-पाऊण तास, मोठं माणूस जवळ बसलेलं, आणि भांडण व्हायच्या आत संपवा. चांगलं संपलेलं अर्धा तास खेळणं सोमवारी वर्गात कामाला येतं.

चवथीला गावच्या घरी सगळी भावंडं जमतात आणि पहिल्याच दिवशी हाणामारी होते.

होणारच. मुलांची झोप मोडलेली, रात्री उशिरापर्यंत आरत्या, पोटात नेवऱ्या आणि लाडू, वर्षाने भेटणारी मुंबईची भावंडं, आणि सगळी मोठी माणसं गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्यात किंवा स्वयंपाकघरात. या परिस्थितीत मोठ्यांचीही भांडणं होतात. फक्त मोठी माणसं चावत नाहीत.

ज्यावर मुलाचा जीव आहे ते खेळणं आधीच कपाटात ठेवून द्या. ज्याचं त्याने वाटून घ्यावं अशी सक्ती पाच दिवस चालत नाही. दुसरं, ‘तू मोठा आहेस, सोडून दे’ हे वाक्य या वर्षी बंद करून बघा. मोठा त्यामुळे धाकट्यावर डूख धरतो आणि धाकटा शिकतो की रडलं की मिळतं. तिसरं, ज्या दोघांचं जुंपतं त्यांना दोघांशिवाय होणार नाही असं काम द्या. पातोळ्यांसाठी हळदीची पानं आली की एकाने पाण्यात बुडवायची, दुसऱ्याने फडक्याने पुसून थाळ्यात लावायची. पुसणाऱ्याला बुडवणाऱ्याची वाट बघावी लागते. पहिल्या चार पानांना कुरबुर होते, मग दोघं मिळून तिसऱ्याला हात लावू देत नाहीत.

एक रट्टा दिला की पोर सरळ होतं, आम्ही पण असेच वाढलो. चुकलं काय?

रट्ट्याने मूल त्या क्षणी थांबतं, म्हणूनच तो लागू पडल्यासारखा वाटतो. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतली संशोधनं एकत्र तपासली, त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. फटके जास्त तिथे मुलांचा मारकुटेपणा जास्त, असाच कल निघाला. मारू नये हे मारून सांगितलं तर मुलाने त्यातलं काय उचलायचं?

शाळेपुरतं तर कायद्याने ठरवलेलंच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे, आणि गोव्यात त्याही आधी, २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळांमधल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आली.

सॉरी म्हणायला लावावं का?

लावलं तर म्हणतात, आणि ‘सॉरी’चा वापर पुढच्या चापटीच्या तिकिटासारखा करतात. त्यापेक्षा भरपाई करू द्या: पाडलेला मनोरा पुन्हा रचायला मदत, लागलेल्या ठिकाणी ओला रुमाल धरणं.

मोबाइलमुळे मुलं मारतात का?

एकट्या मोबाइलमुळे नाही. बघून मारणं उचलतात, हे मात्र जुनं सिद्ध आहे. अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये बालवाडीच्या ७२ मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी ते बडवणं जसंच्या तसं करून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत ठेवायला सांगितलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे: पडद्यासमोर गेलेल्या तासात कुणाची पाळी आधी यावरून भांडण होत नाही, आणि ते मिटवायचा सरावही होत नाही.

घरी कोकणी, बालवाडीत मराठी, शेजारी हिंदी आणि कन्नड. या गोंधळामुळे तो मारतो का?

अनेक भाषा ऐकल्याने बोलणं खुंटत नाही, त्यामुळे घरची कोकणी बंद करू नका. पण ज्या भाषेत वर्ग खेळतो त्या भाषेतले कामापुरते शब्द मुलाकडे नसतील तर हात पुढे येतो. घरी ‘म्हाका जाय’ (मला हवं) म्हणणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात तीन वाक्यं द्या: ‘मला पण घ्या’, ‘माझी पाळी कधी?’, ‘नको’. कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुलं वर्गात असतील तर हीच तीन वाक्यं बाकीच्या मुलांकडून त्यांना शिकवून घ्या. शिकवणारं मूल त्यांच्याशी लवकर जोडलं जातं. आणि बोलणं सगळ्याच भाषांत मागे असेल तर आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूल ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खातं आणि चिडून मारतं, हे फार उशिरा लक्षात येतं.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘त्या मुलाला काढा’ असं चाललं आहे. आम्ही काय करावं?

त्या ग्रुपवर काही लिहू नका. तुमच्या मुलाला लागलं असेल तर शिक्षिकेशी समोरासमोर बोला: कधी, कुठे, त्याआधी काय झालं, आणि आता कोण लक्ष ठेवणार. हे विचारायचा तुमचा हक्क आहे आणि उत्तर मिळालंच पाहिजे. मार खाणाऱ्या मुलाने ‘समजून घ्यावं’ असं मी म्हणत नाही.

पण घरी ‘त्याच्या शेजारी बसू नको’ असं शिकवलं की ते दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच बोललं जातं. वीस पालकांनी सांगितलं तर वीस मुलं बोलतात. चार वर्षांच्या मुलाला असं वाळीत टाकल्यावर तो शांत होईल, अशी अपेक्षा मला कधी समजली नाही. गाव लहान आहे. त्या मुलाची आई तुम्हाला जत्रेत भेटेल, बाजारात भेटेल. तिच्याशी बोला, पण ‘तुमचा मुलगा’ अशी सुरुवात करू नका. ‘दोघांना रविवारी एकत्र खेळवून बघूया का’ अशी करा.

डॉक्टरांकडे कधी जायचं आणि कुठे?

पाच वर्षं झाल्यावरही मारणं कमी न होता वाढत असेल, दुसऱ्याला खरोखर इजा होत असेल, मूल प्राण्यांना मुद्दाम छळत असेल, एकही सवंगडी उरला नसेल, किंवा घरी काही घडल्यानंतर वागणं अचानक बदललं असेल तर थांबू नका. अचानक बदललेल्या मुलाला कुणी त्रास देतंय का, हेही बघावं लागतं. अशा वेळी मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकालाही दाखवता येतं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि विकासातली मागासलेपणं शोधणं हा तिचा भाग आहे. पुढे गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे आणि तिथेच आयपीएचबी हे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ. बांबोळी म्हटलं की आजी-आजोबा दचकतात. त्यांना सोबत घेऊन जा, वाट बघणाऱ्या बाकड्यावर बसलेली इतर कुटुंबं पाहिली की दचकणं कमी होतं.

जाताना एका कागदावर आठवड्याची टिपणं न्या: कुठल्या वेळी मारलं, आधी काय झालं होतं, नंतर तुम्ही काय केलंत, आदल्या रात्री झोप किती झाली होती. बालवाडीच्या टीचरकडूनही असाच एक कागद मागून घ्या. दोन्ही कागद जुळत नाहीत असं बरेचदा होतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तिथूनच विचारतात.